शेषरावअण्णांच्या घरचं बारसं

शेषरावअण्णांना व्हिडिओ कॉल आला की ते आधी हात पुसून कोरडे करतात, मग पायांत रबरी चपला घालतात, मग देवघरासमोरचा पाट आणून त्यावर उभे राहतात, आणि एवढं सगळं झाल्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या उलट्या बाजूनं हिरवं बटन सरकवतात. तोवर निम्मे कॉल कट झालेले असतात. अण्णांना त्याचं काही वाटत नाही. ज्याला गरज असेल तो परत लावील, पण जीव गेला तर परत लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बोट उलटं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी मला शेजारी बसवून समजावून सांगितलं. सुलट्या हातानं शिवलं आणि शॉक बसला तर मूठ आवळते, माणूस तारेला चिकटतो. उलट्या हातानं शिवलं तर हात झटक्यानं मागं येतो. मी म्हटलं, अण्णा, मोबाइलमध्ये कुठला आलाय एवढा करंट? त्यावर त्यांनी माझ्याकडं फार कणवेनं पाहिलं.

"बंद हाये म्हनल्यावर बंद हाये असं समजायचं नाय, चष्मेवाले. असं समजनारे लई गेले."

चष्मेवाले म्हणजे मी. औरंगपुऱ्यात माझं चष्म्याचं लहानसं दुकान आहे आणि घर जालना रोडच्या आतल्या अंगाला, अण्णांच्या घराला भिंत लावून. अण्णा मूळचे पिशोरचे. सगळी नोकरी वीज खात्यात लाइनमन म्हणून काढली. खांबावर चढून, तारा ओढून, पावसात भिजून ते धड हातापायांनी निवृत्त झाले, आणि याचं सगळं श्रेय ते स्वतःच्या संशयी स्वभावाला देतात.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, अण्णा टेस्टर ठेवतात. आमच्याकडं नवा फ्रिज आला तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी त्याला हळदीकुंकू लावलं आणि अण्णांनी टेस्टर लावला. मुलाच्या लग्नात, नवरदेवाचे वडील म्हणून फेटा बांधून उभे असताना, त्यांनी मांडवाच्या लोखंडी खांबांना एकेक करून टेस्टर लावून पाहिला. व्याही मंडळी तोंडाला रुमाल लावून हसत होती. पाचव्या खांबात करंट निघाला. तेव्हापासून अण्णांना हसायचं झालं तर माणसं जरा बेतानं हसतात.

बोलणंही सगळं लाइनीवरचं. कुणाला ताप आला तर त्याचं व्होल्टेज चढलेलं असतं. नवीन लग्न झालेल्या जोडप्याचं पटत नसेल तर जोडणी लूज असते, वर्षभरात आपोआप बसते. माझं आणि सुधाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, भांडण झालं की भिंतीपलीकडं ऐकू जातं. सकाळी फाटकाशी भेटले की अण्णा हळूच विचारतात, "काय चष्मेवाले, काल ट्रिप झालं व्हय?"

व्हिडिओ कॉलचा त्यांचा आणखी एक नियम आहे. बोलणं संपलं की ते पाटावरून उतरतात आणि फोन हातात धरून फाटकापर्यंत चालत जातात. आलेल्या माणसाला घरातल्या घरात कट करणं त्यांना बरं दिसत नाही. फाटकाशी जाऊन 'या मग' म्हणतात आणि तिथं लाल बटन दाबतात. एकदा त्यांनी बँकेचं कर्ज विकायला फोन केलेल्या मुलीलाही असंच फाटकापर्यंत पोचवलं होतं.

अण्णांचा एकुलता एक मुलगा विलास कॅनडात असतो. सुनेला दिवस गेले तेव्हा त्यानं आईवडलांना दोघांनाही बोलावलं. अण्णांनी विमानाची सगळी चौकशी केली. किती उंचावरून जातं, किती वेळ वर राहतं, खाली टेकतं का मधे कुठं. मग नकार कळवला.

"जमिनीला पाय नाय तिथं अर्थिंग नाय. अर्थिंग नाय तिथं शेषराव नाय."

विलासनं फोनवर पुष्कळ समजावलं. शेवटी विलासची आई, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, राहू दे रे, मी जाते, हे बसू देत जमिनीला धरून. आणि जवळच्या करमाडलाही कधी एकट्या न गेलेल्या काकू स्वेटरावर स्वेटर घालून एकट्या कॅनडाला गेल्या. अण्णा त्यांना पोचवायला आले ते विमानतळाच्या दारापर्यंत. आत सोडत नाहीत म्हटल्यावर तिथं लोखंडी कठडा होता त्याला टेस्टर लावून पाहिला आणि माझ्याबरोबर घरी आले.

काकू गेल्यावर अण्णांच्या घरातून रोज एकाच वासाची खिचडी यायला लागली. सुधा अधूनमधून भाजी पाठवायची. अण्णा डबा धुऊन, त्यात गुळाचा खडा नाहीतर मूठभर शेंगदाणे घालून परत आणून द्यायचे. बोलायला थांबायचे नाहीत. कॉल येईल म्हणायचे. कॉल दिवसातून एकदा यायचा, पण अण्णा दिवसभर येईल म्हणायचे.

मग नात झाली. अण्णांनी कॉलनीभर पेढे वाटले. पेढा देताना प्रत्येकाला, लेकरू आणि आई दोन्हीकडचा सप्लाय चालू आहे, असं सांगत होते. चार दिवसांनी विलासचा फोन आला की बारसं साधंच करू, घरातल्या घरात, केक आणू. अण्णा पाटावर होते म्हणून त्या शॉकातून वाचले.

त्या दिवशी दुकान बंद करून मी आलो तर ते माझ्या फाटकाशी थांबलेले. सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात तयार होता. बारसं म्हणजे पाळणा पाहिजे, पाळण्याला दोरी पाहिजे आणि दोरी ओढायला माणसं पाहिजेत. कॅनडात माणसं तीन. इथं कॉलनी भरून. मग बारसं कुठं व्हायला पाहिजे?

मी म्हटलं, पण बाळ तिकडं आहे ना, अण्णा.

"लेकराला लाइनवरनं आनू," अण्णा म्हणाले.

असं ते बारसं ठरलं. विलास म्हणत होता संध्याकाळी करा, आमची सकाळ असते. पण संध्याकाळी अख्ख्या शहराचा लोड असतो, लाइट मिचमिचतात, तेव्हा अण्णांनी सकाळी साडेनऊची वेळ धरली. म्हणजे कॅनडात आदल्या दिवसाची रात्र. यावरून बायकांत शंका निघाली की बारसं आजचं धरायचं की कालचं, आणि बाराव्या दिवसाचं अकराव्या दिवशीच उरकतंय की काय. अण्णांनी ती लगेच निकालात काढली. पाळणा इथं आहे, तेव्हा वार इथला.

पाळणा रशीदभाईंकडून आला. रशीदभाई आमच्या मागच्या गल्लीतले सुतार, नातवासाठी त्यांनी सागवानी पाळणा केला होता आणि नातू आता सायकल चालवत होता. बच्चा किती महिन्यांचा आहे, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी सांगितलं की बच्चा कॅनडात आहे, झोपणार मोबाइल. रशीदभाईंनी थोडा वेळ अण्णांकडं पाहिलं. मग अण्णांच्या घरी पाळणा टांगताना स्वतः छताच्या हुकाला लटकून कड्या तपासल्या, दोरी ओढून बघितली आणि म्हणाले, "मोबाइल कू बी चोट नै लगना अण्णा, नीचे गादी डालो."

गादी घातली. अण्णांनी त्यावर दुपटं अंथरलं. काकूंनी जायच्या आधी नातवंडासाठी शिवलेली एक कुंची इथं राहून गेली होती, ती त्यांनी मोबाइलला घातली.

बारशाच्या दिवशी सकाळी नऊपासून बायका यायला लागल्या. आमच्या गल्लीत तेव्हा नव्या पाइपसाठी चर खणून ठेवलेला होता. खणणारे खणून गेले होते आणि पाइप यायचा होता. अण्णांनी चरावर जाड फळी टाकली, दोन्ही टोकांना लाल फडकी बांधली आणि स्वतः उभे राहून एकेक पाहुणी अलीकडं घेतली. एका वेळी एकच बाई, लोड बघा, असं ते सगळ्यांनाच सांगत होते, पण वळसेबाईंची पाळी आली तेव्हा नेमकं जरा मोठ्यानं सांगितलं. वळसेबाई बारसं संपेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

कॉल लागला. पडद्यावर काकू दिसल्या, त्यांच्या मांडीवर गुंडाळलेलं लेकरू, मागं थकलेली सून आणि कडेला विलास. तो दिवसभराची नोकरी करून आला होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. बायकांनी वाकून वाकून लेकरू पाहिलं. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं याची चर्चा झाली. एवढ्या बायकांची नजर पडली म्हटल्यावर अण्णांनी काजळ घेतलं आणि मोबाइलच्या कपाळाला, म्हणजे वरच्या बाजूला मधोमध, तीट लावली.

तिकडून विलास ओरडायला लागला की अंधार झाला, लाइट गेली का. अण्णा तत्काळ पाटावरून उतरले आणि घरातल्या सगळ्या बटनांना टेस्टर लावत सुटले. बटनं ठीक होती. मीटर ठीक होता. ते खांबावरचा फ्यूज बघायला निघाले तेव्हा सुधाला आठवलं की कॅमेरा कपाळातच असतो. तिनं पदरानं तीट पुसली आणि कॅनडात उजेड झाला.

मोबाइल पाळण्यात ठेवला. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि दोरी ओढली. इथं सगळं फार छान दिसत होतं. तिकडं काय दिसत होतं ते काकूंनी नंतर सांगितलं. आधी आमचा पंखा, मग वळसेबाई, मग पंखा, मग भिंत, मग पुन्हा वळसेबाई. दुसऱ्या कडव्याला बाळंतिणीला गरगरायला लागलं. काकू ओरडून सांगत होत्या की हळू ओढा, पण पाळण्याच्या गाण्यात आणि कुंचीच्या कापडात कुणाला ऐकू आलं नाही. लेकरू तिकडं मांडीवर शांत झोपलं होतं. त्याला कुणी हलवतच नव्हतं.

मग नाव सांगायची वेळ आली. हे काम आत्याचं. विलासला बहीण नाही, म्हणून सुधा आत्या झाली. नाव तिला एकटीला आधी कळवलेलं होतं आणि तिनं ते मलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती पाळण्यात वाकली आणि अडली. मोबाइलचा कान कुठला? अण्णांनी पाटावरूनच सांगितलं की कान खालच्या अंगाला असतो, बारकं भोक आहे बघा. सुधानं त्या भोकाला तोंड लावून 'कुर्रर्र' केलं. रिवाजाप्रमाणं मागून सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. वळसेबाईंचा बुक्का जरा रागातला होता. सुधाची हनुवटी लाल बटनावर आपटली आणि ऐन नावाच्या वेळी कॅनडा कट झालं.

परत कॉल, परत हात पुसणं, परत कुंची. या वेळी बुक्के बेतानं मारायचं ठरलं. सुधानं नाव सांगितलं, 'ओवी'. पण बायकांचा गलका एवढा की मागच्या रांगेत ते 'ओवा' असं पोचलं. गिरजाबाई म्हणून आमच्याकडं एक म्हाताऱ्या आहेत, त्या म्हणाल्या, नाव चांगलं ठेवलं, पोटाला बाधत नाही. पुढच्या पाच मिनिटांत अर्ध्या कॉलनीनं ओव्याला आशीर्वाद दिले.

अण्णांनी स्वतः शिजवलेल्या घुगऱ्या वाटायला घेतल्या. कुकरच्या शिट्टीवर त्यांचा भरवसा नाही, त्यामुळं पहिल्या शिट्टीला त्यांनी गॅस बंद केला होता. हरभरे दाताखाली कुडुम कुडुम वाजत होते. तरी सगळ्या बायका खात होत्या, हसत होत्या, पाळणा ओढत होत्या. अण्णा पाटावर उभे राहून प्रत्येकीला पडद्यापुढं आणत होते आणि काकूंना तिचं नाव सांगत होते, जशी काही काकूंची तिच्याशी ओळखच नव्हती. त्यांच्या घरात इतक्या महिन्यांनी एवढी माणसं आली होती. त्यांचा आवाज मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येतो, पण तो इतका चढलेला मी तोवर ऐकला नव्हता.

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, नळ आला.

आमच्या भागात पाणी कधी येईल हे पाणीच ठरवतं. आठवडा आठवडा वाट पाहावी लागते आणि आलं की तासाभरात जातं. त्या वेळी सण असो, सुतक असो, माणूस हातातलं टाकून पळतो. बायका घुगऱ्या पदरात घेऊन उठल्या. चरावरच्या फळीवरून एका वेळी चौघी गेल्या आणि लोडाचं कुणी नाव काढलं नाही. सुधानं जाता जाता मला मोटार सुरू करायला सांगितलं. मिनिटभरात घर रिकामं झालं. मी मागं वळून पाहिलं तेव्हा अण्णा हातात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन पाटावर तसेच उभे होते.

आम्ही टाकी भरली, ड्रम भरले, कूलर भरला, पातेली भरली. अर्धा तास गेल्यावर माझ्या लक्षात आलं की भिंतीपलीकडून बादलीचा आवाज नाही. अण्णांच्या नळाला पाणी येऊन वाहून चाललं असणार. एरवी नळाशी पहिले उभे असणारे अण्णा. मी जाऊन बघायचं ठरवलं.

दार उघडंच होतं. खुर्च्या वाकड्यातिकड्या, जमिनीवर हरभरे सांडलेले. अण्णा पाळण्याशेजारी खाली बसले होते, फरशीवर, अनवाणी. हातात दोरी. ते ती हळूहळू ओढत होते आणि कडी कुईकुई वाजत होती. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

ओवी झोपली का, असं मी खुणेनंच विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली आणि जवळ बोलावलं. मी वाकून पाळण्यात पाहिलं.

कुंचीत विलास होता. काकू आणि सून लेकराला घेऊन आत गेल्या असाव्यात. फोन तिकडं तसाच टेकवलेला, आणि समोर सोफ्यावर विलास बसल्या जागी झोपून गेलेला. दाढीचे खुंट पांढरे व्हायला लागलेले, नाकावर चष्मा तसाच, तोंड थोडं उघडं, मान खांद्यावर कललेली, गळ्यात ओळखपत्र. चाळिशी ओलांडलेला माणूस, इथं पाळण्यात शांत हलत होता.

कॉल बंद करू का, असं मी विचारलं. अण्णा नको म्हणाले. मग दोरीवरचा हात न थांबवता अगदी हळू बोलायला लागले. विलासच्या बारशाला ते नव्हते. वादळ झालं होतं, कन्नड गावापासून पुढची सगळी लाइन पडली होती, खांब आडवे झाले होते. बारसं चालू होतं तेव्हा ते कुठल्याशा रानात खांबावर होते. पाच दिवसांनी घरी आले तर पोरगा नावासकट तयार. नाव काय ठेवलं ते त्यांना दारात शेजाऱ्यानं सांगितलं. पुढंही तेच झालं. घरी यायचे तेव्हा तो झोपलेला असायचा आणि पाळणा ओढायला घरात बाया होत्या.

"दोरी कदी माझ्या हाताला आलीच नाय," ते म्हणाले.

पडद्यावर विलासची मान दुसऱ्या खांद्यावर कलली आणि त्याचा चष्मा नाकावरून तिरपा झाला. अण्णांचा मोकळा हात पाळण्याच्या काठावरून आत गेला आणि काचेशी जाऊन थांबला. सुलटा हात होता, बोटं पसरलेली.

"चष्मा मोडंल त्याचा," अण्णा म्हणाले. "हितून काढता येत नाय."

अशा फ्रेम सहसा मोडत नाहीत, मी त्यांना म्हणालो. एवढंच मला सुचलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दोरी ओढायला लागले. पाणी आलंय, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

मी मागच्या दारानं त्यांच्या अंगणात गेलो. नळ मोकळा सुटला होता आणि पाणी पेरूच्या झाडापर्यंत गेलं होतं. मी पाइप जोडला, हौदात सोडला, हौद भरल्यावर दोन बादल्या आणि काकूंचा तांब्याचा हंडा भरून ठेवला. थोड्या वेळानं नळाची धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग पाणी गेलं. गल्लीतला गोंधळ थांबला. आत कडी अजून वाजत होती.